गल्ला

पारोळ्याच्या बाजारात कुंभारीण म्हणाली होती,
"जवय हाऊ बोलानं सोडी, तवयच फोडजो."

म्हणून तोताराम अण्णा गिरणी बंद करताना
पिठाळल्या बोटांनी रोज एक पावली टाकायचे,
गल्ला कानाशी हलवायचे.
खुळ्ळ. अजून बोलतोय.

पुढे अण्णाच गेले. गिरणी विकली.
गल्ला राहिला फळीवर, मापाशेजारी.

काल मांजरानं पाडला.
एकशे त्र्याण्णव पावल्या, गेंडा छापलेल्या,
कडांना ज्वारीचं पीठ घट्ट.
बँकेतला पोरगा हसला, "काकू, ह्या कधीच्याच बंद झाल्या!"

नातवानं वहीत एक चिकटवली,
खाली लिहिलं : पणजोबा.
ती चिकटवण्याआधी त्यानं घासून लख्ख केली होती.

बाकीच्या मी
धुतल्या नाहीत.