निव्वळ वजन

सावदा-रावेर रस्त्यावर आमचा काटा,
चोवीस तास चालू.
केळीची गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरलेली,
यातून ते वजा, उरलं ते निव्वळ.

टेबलावर संगणक एकच,
मालकाच्या मुलीच्या अकरावीपासूनचा, दोन जीबी रॅमचा.
त्यावरच काटा, त्यावरच हिशेब,
आणि रात्री एकनंतर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात,
त्यावरच गाणी.

गाणी माझी नाहीत.
माझ्या आधीचा ऑपरेटर, तोताराम बोंडे,
'नवीन फोल्डर २' मध्ये सोडून गेला. तीनशे अकरा.
ट्रॅक ०७. ट्रॅक ०७ ची प्रत.
एक नुसतंच 'ऐकणे'.
त्यात चिनावलच्या हळदीतल्या बाया आहेत, मागे जनरेटर,
आणि मधेच एक बाप्या मोठ्यानं विचारतो,
"चालू हाये का रे ते?"

मार्चमध्ये एका रात्री प्लेअर स्वतःहून नवा झाला.
मला विचारलं होतं म्हणे. मी 'ठीक आहे' दाबलं होतं म्हणे.
उठल्याबरोबर म्हणाला, खातं उघडा.
मग म्हणाला, आवड सांगा, निदान तीन.
मग चिनावलच्या बायांना
गिटार धरलेल्या एका गोऱ्या पोराचा फोटो चिकटवून
खाली लिहिलं : अज्ञात कलाकार.

तेवढ्यात अशफाकची दहाचाकी काट्यावर चढली
आणि आकडा अडकला.
गाणं संपलं होतं, तरी प्लेअर
हिरव्या लाटा नाचवत बसलेला.
अशफाकनं खिडकीतून डोकं आत घातलं,
"तोलता का पिकवता, भाऊ?"

मग मी शोधायला लागलो.
एक म्हणाला, आधी माझ्यासाठी दुसरा प्रोग्राम टाका.
एक रावेरचं तापमान सांगायचा, चव्वेचाळीस,
जसं काही मी पत्र्याखाली बसलेलो नव्हतोच.
एक आला तो सोबत दोन मेहुणे घेऊन,
थोरला व्हायरस पकडणारा,
धाकटा काय करतो ते त्यालाही माहीत नव्हतं,
आणि जायला दोघंही तयार नाहीत.

भरताला काय लागतं?
वांगं, मिरची, लसूण, पात, तेल.
परवा हायवेवर एकानं वरून चीज किसून दिलं.
खाल्लं मी. पैसेही दिले.
पण वांगं कुठे होतं?

एका रिकाम्या रात्री पावतीच्या पाठीवर मांडून पाहिलं :
गाणं, चार एमबी.
वाजवणारा, तीनशे चाळीस.
आमच्याकडे गाडी नऊ टन, माल सोळा.
असली गाडी काट्यावर आली असती
तर मी मालकाला झोपेतून उठवलं असतं.

शेवटी फैजपूरचा लोकेश कॅमेरे बघायला आला,
पडदा बघून म्हणाला, "कायले इतलं मोठं घेतं, भो?"
पेनड्राइव्हमधून एक काढून दिला,
पुरता एक एमबीही नाही.
करडी खिडकी, पाच बटणं,
दिसायला तहसीलच्या फॉर्मसारखा.
कुणीतरी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी केला म्हणे
आणि पुन्हा हात लावला नाही.
बहुतेक म्हणूनच शाबूत राहिला.

खोड एकच. मराठी वाचता येत नाही त्याला.
'ऐकणे' म्हणजे आता चार चौकोन.
असू दे. मी कानानं ओळखतो.

काल पहाटे तीनला अशफाकची गाडी काट्यावर.
आकडा थोडा डुलला आणि बसला :
चोवीस हजार आठशे साठ.
बाया मधल्या कडव्यात होत्या, जनरेटर मागे,
खिडकी उघडीच होती,
आणि त्या बाप्यानं विचारलं,
"चालू हाये का रे ते?"

केबिनमधून अशफाक ओरडला,
"बंद केली, बंद केली!"
आणि त्यानं चावी फिरवून दाखवली.