के

आठ जण लागतात.
रिंगणाभोवती खांब रोवावेत तसे
आम्ही उभे असतो मंगळवारी आणि शुक्रवारी,
प्रत्येकाच्या तोंडात एकेक अक्षर.

मी व्हेर्नर, लोण्याच्या कारखान्यातून निवृत्त. माझं के.
माझ्या पुढे ई, शाळेच्या बॉयलरवाला एस्किल.
मग एच, गुद्रुन, जिची तीन कुत्री गाडीत बसून
तिच्याआधी उत्तर देतात.
सी म्हणजे पाद्रीणबाई. चर्चमध्ये पुटपुटते,
इथे ठणकावते.
बाकीचे मला नीट दिसत नाहीत,
चाळीस मीटर, आणि युटलंडचं आभाळ.

सिसेलला तर कुणीच दिसत नाही.
एकोणिसाव्या वर्षी नजर गेली.
सांगते अशी, की बसमध्ये छत्री राहिली.

घोडीचं नाव कनेल. कनेल म्हणजे दालचिनी,
रंगावरून ठेवलेलं.
सिसेल म्हणाली, अस्सं?
मला वाटत होतं, वासावरून.

पहिल्या दिवशी मी हाक मारली
मांजर विहिरीत पडल्यासारखी.
घोडी बिचकली. सिसेल हसली नाही.
म्हणाली, व्हेर्नर, त्यात काळजी घालू नकोस.
नुसतं अक्षर दे.
मी जवळ येईपर्यंत पेटतं ठेव,
वळले की विझव.

खरारा, चंदी, तंग आवळणं
तिचं तीच करते,
रिकिबीच्या पट्ट्याची भोकं अंगठ्याने मोजत.
माझं काम एवढंच:
के. के. के.
भांडी विसळताना, कोंबड्यांना दाणे टाकताना.
बायको गेल्यापासून या घरात
एवढं कुणी बोललं नव्हतं.

पश्चिमेचा वारा सुटला की अक्षरं उडतात,
एफची हाक जाऊन पडते एच्या अंगावर.
मग ती लगाम सैल सोडते, मधोमध थांबते,
दोघी मिळून वारा हुंगतात,
आणि विचारते, समुद्र आज कुठे आहे?
आम्ही आठही जण बोट दाखवतो.
मग एकमेकांकडे पाहतो.

परवा गुद्रुन आली नाही.
गोठलेल्या पायरीवर घसरली, खुबा मोडला.
सिसेल म्हणाली, राहू दे ती जागा रिकामी.

दुडकी चाल. एपासून निघाली,
माझ्यापाशी आली,
के, के,
टापेखालची वाळू माझ्या बुटांवर,
खोगिराच्या चामड्याची कुरकुर, ऊन वाफ,
गेली. एस्किलने झेलली.
आणि पुढे कोपऱ्यात काहीच नाही,
कुंपणापलीकडे पवनचक्कीचं पातं
हवा कापतंय तेवढंच.
दुसऱ्याचं अक्षर माझ्या तोंडाशी आलं.
गिळलं.

कनेलने एक कान तिकडे वळवला
जिथे गुद्रुन उभी असायची.
काही ऐकलं,
की काहीच नाही ते ऐकलं, कोण जाणे.
वळली. कोपऱ्यात शिरून वळली,
रोजच्यापेक्षा हातभर आत.

सिसेलने तिच्या मानेवर थाप दिली नाही.
मांड तशीच, पाठ तशीच.
सी ठणकावली, पण जरा उशिरा.

शनिवारी हर्निंगला स्पर्धा.
गुद्रुन इस्पितळातून म्हणते,
फोन धरा कुणीतरी, मी ओरडते.
परीक्षक ऐकायचे नाहीत.
तिच्या जागी भाचा येतोय, ऱ्होआल, तेरा वर्षांचा,
घसा नुकता फुटलेला.
काल एच म्हणाला दोनदा बैलासारखा
आणि एकदा चिमणीसारखा.
तिसऱ्या वेळी घोडी जागच्या जागी उभी राहिली
आणि त्याच्याकडे तोंड करून
लांबलचक फुरफुरली.
बिचारा लाल झाला. पाद्रीणबाईने
त्याला मधाची गोळी दिली.

मी पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलाय.
एस्किल विचारतो, कुणासाठी?
रात्री खिडकी उघडून एकदा म्हणून पाहिलं,
हळू, सपाट.

काळजी जरा उरलीच होती शेवटाला.
पुन्हा.