एरवी दोन

पोर्ट ऑफ स्पेनच्या धक्क्यामागे वर्लिनचा बार.
बाटलीचं लेबल बाटलीहून उंच,
थोरल्याचा सदरा धाकट्याने घातल्यासारखं.

रम ती सढळ हाताने ओतते.
लिंबू, साखर, फोडलेला बर्फ;
मग बिटर्सची बाटली उपडी, मनगटाला हिसका,
फेसावर तांबूस डाग.
एरवी दोन.
आज इग्नेशियसला पाच.
सकाळी त्याची होडी लिलावात गेली,
बायकोचं नाव तिच्यावर तसंच.

तो घोट घेतो.
आधी काडेचिराईत, मग लवंग,
मग काहीतरी, जे ओळखू येत नाही
आणि घशात बसून राहतं.
"जास्त झालं," तो म्हणतो. पेला सरकवत नाही.

वर्लिन साध्या सोड्यात दोन थेंब टाकते,
दिवा मालवता मालवता
उभ्यानेच पिते.
पोटासाठी, म्हणते.