पाठमोरी

दिवसा मी ऑर्लिन गावात केस कापते.
कमरेचा पेजर वाजला की कात्री तशीच टाकून
रुग्णवाहिका काढते.
कॅन्ससच्या या टोकाला चारशे डोकी,
कुणाच्या टाळूवर कुठे भोवरा आहे, मला पाठ.

त्या दिवशीचा कॉल वादळाचा नव्हता.
एल्डन फ्रीझनच्या छातीत कळ आली होती, एवढंच.
वादळ आपलं दूर नैर्ऋत्येला
गव्हावर सोंड टेकवून उभं,
कुणाच्या घराच्या वाटेत नाही, कुणाच्या गोठ्याच्याही नाही.
आणि एल्डनकडे जाणारा रस्ता एकच:
दोन पदर, कडेला हातभर खडी, मग चर.

त्या रस्त्याला एक चढ आहे.
इथलं पोर गाडी शिकायला लागलं
की बाप आधी तो चढ दाखवतो.
माथ्यावर थांबायचं नाही.
टायर फुटला तरी फुटक्या टायरवर उतार गाठायचा,
पलीकडून कोण येतंय
ते माथ्यावर पोचेपर्यंत कुणाला कळत नाही.

माथ्यावर एकेचाळीस गाड्या.
मोजल्या, कारण मोजायला वेळ होता,
ताशी दहा मैलांनी चालले होते मी, दिवे, सायरन, सगळं लावून.
दारं रस्त्याच्या अंगाला सताड उघडी.
पिवळ्या रेघेवर तिवईचा एक पाय,
जणू रेघ त्याच्यासाठीच आखलेली.
एक मुलगा हात लांब करून, फोनमध्ये बघत
उलट्या पावलांनी माझ्या बंपरकडे येत होता.
सायरन ऐकला त्याने, शपथेवर सांगते.
त्याला वाटलं, वादळाचा भोंगा.
तो आणखी मोठ्याने हसला.

सगळेच तसे होते असं नाही, खोटं कशाला बोलू.
एक हिरवा पिकअप शेताच्या फाटकात शिरून,
चारी चाकं डांबराबाहेर, नाक निघायच्या दिशेला.
त्याला मनात हात केला.
हात रिकामा नव्हता.

मग करड्या व्हॅनमधून ती उतरली.
पाठीवर वेणी, हातात टॉर्च.
आधी मागे बघितलं, मग दार उघडलं,
हे मला अजून दिसतं.
सोंडेकडे पाठ करून ती रस्त्याच्या मधून चालत आली
आणि गाड्यांच्या टपांवर थापा मारू लागली.
आत घ्या. दार लावा. तू, ती तिवई उचल.
आवाज ऐकू येत नव्हता मला, फक्त तोंड दिसत होतं,
आणि एकेक गाडी खडीवर सरकताना.
त्या मुलाला तिने दंडाला धरून बाजूला घेतलं,
आई गर्दीत घेते तसं, न रागावता.
वाट झाली.
मी तिच्याकडे बघून मानसुद्धा हलवली नाही.
पुढे माथा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं दार वाजलं.
तीच. मारिट नाव, मिनेसोटाहून आलेली.
काच गारांनी तडकलीय, नवी यायला चार वाजतील,
तोवर टोकं छाटून द्याल का?
वेणी सोडली तर केसांतून गव्हाचं कूस निघालं.
नऊशे मैल गाडी चालवून आले, म्हणाली,
अकरा वर्षांत इतकं जवळून, इतकं स्वच्छ कधी मिळालं नव्हतं.
मी विचारलं, किती वेळ होतं खाली?
चार मिनिटं म्हणे.
म्हणे का?
मी पाठमोरी होते ना.

कात्री चालत राहिली.
मी कोण ते तिला सांगितलं नव्हतं.
भिंतीवरच्या जाकिटाकडे आरशातून बघत
तिनेच विचारलं, तो माणूस?
एल्डन? आहे की.
हॉस्पिटलच्या जेलीला नावं ठेवतोय.

ती हसली तेव्हा डोकं हललं,
डावीकडे जरा जास्त कापलं गेलं.
पैसे घेतले नाहीत, ती ठेवून गेली.
खिडकीतून बघितलं:
मंगळवारची दुपार, अख्ख्या गल्लीत दुसरी गाडी नाही,
आणि व्हॅन दोन रेघांच्या बरोबर मध्ये,
पुढची चाकं कडेच्या दगडाकडे वळवलेली.
दार उघडण्याआधी
तिने मागे बघितलं.