पुढील अंकी

दिवसभर सातबारा, आधार, शिष्यवृत्तीचे फॉर्म.
पारोळ्यात बाजारपेठेच्या कोपऱ्यावर
आठ बाय दहाचं माझं झेरॉक्स सेंटर.
रात्री शटर अर्धं ओढलं
की मी काचेवर पालथे निजवते
'रेडिओ-विक्रेता'चे अंक.
मासिक. किंमत चाळीस पैसे. फक्त व्यापाऱ्यांसाठी.

विसपुत्यांचं दुकान मोडलं
तेव्हा रद्दीवाल्याच्या काट्यावर होते हे.
एकोणतीस किलो. बारा रुपये भाव.
मी तेरा म्हटलं.
त्यानं काटा पुन्हा तपासला.

कागद असा, की पान उलटताना श्वास सोडायचा नाही.
कसर लागलेली. कडांचा चुरा काचेवर सांडतो,
तो ब्रशनं गोळा करून मी बरणीत भरते.
का, ते मला विचारू नका.
सासूबाई विचारतात ते वेगळं :
"हाई कोन वाची वं माय?"

मी वाचते.
व्हॉल्व्हचे भाव, दर महिन्याला वर.
धुळ्याच्या एका दुकानदाराची तक्रार,
की लायसन्स काढायला गिऱ्हाईक पोस्टात जातं
आणि येताना मन बदलून येतं.
संपादकांचा राग ट्रान्झिस्टरवर :
जे खिशात मावतं, त्याला मान कोण देणार?
हे मी मोबाईलवर मोठं करून वाचते.

आणि समासात विसपुत्यांची पेन्सिल.
तामसवाडीचा सेट. आत उंदरीण, चार पिल्लं. पैसे घेतले नाहीत.
बहादरपूर, मास्तर. आवाज घोगरा. सेटचा नव्हे, मास्तरांचाच.
शेळावे. दुरुस्त केला. न्यायला कोणी आलं नाही.
पुढल्या वर्षीच्या अंकात, त्याच अक्षरात :
शेळावे. अजून नाही.

सॉफ्टवेअर विचारतं, डाग काढू?
त्याच्या लेखी पेन्सिलही डागच.
पहिल्या सात अंकांना मी हो म्हटलं होतं.
समास असे पांढरेफटक झाले,
जसा त्या गावांत कधी रेडिओच नव्हता.
मग सातही अंक पुन्हा काढले, पुन्हा निजवले,
आणि दुसऱ्या खेपेला दोन पानं माझ्या हातात तुटली.
ही कसर माझी. ती कुठल्या बरणीत मावत नाही.

मे महिन्यात स्कॅनरच तापतो.
त्याला पंखा, मला पुठ्ठा.
ब्याऐंशी टक्के फाइल वर चढली, की लाइट जाते,
आणि ब्याऐंशी टक्के म्हणजे काहीच नाही.

एका अंकात तेविसाव्या पानाला खिडकी आहे.
ब्लेडनं कापलेली, पट्टी धरून.
खानदेशातल्या विक्रेत्यांची यादी :
एरंडोल आहे, चोपडा आहे, पाचोरा आहे,
मग भोक,
मग भडगाव.

विसपुत्यांची मुलगी आली होती आधारचा पत्ता बदलायला.
अंगठा यंत्रावर उमटत नव्हता, तेवढ्यात विचारलं,
तुमच्या आबांनी नाव कापून ठेवलं होतं का कुठे?
ती म्हणाली, पाकिटात असेल.
मग म्हणाली, शर्टाचा खिसा
त्या दिवशी कोणी पाहिलाच नाही.
अंगठा चौथ्यांदा उमटला.

मी ते पान तसंच घेतलं.
फक्त खाली काळा कागद धरला,
म्हणजे भोक भोकच दिसेल.

शेवटच्या अंकाच्या शेवटच्या पानावर चौकट :
'पुढील अंकी : ट्रान्झिस्टरला घाबरू नका, भाग तिसरा.'
पुढील अंक निघाला नाही.
निदान एकोणतीस किलोंत तरी नव्हता.
तरी मी त्या महिन्याचं फोल्डर करून ठेवलं आहे,
बाकीच्यांच्या ओळीत, नाव घालून, रिकामं.

परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
कुणीतरी ते उघडलं.
चार मिनिटांनी
पुन्हा उघडलं.