हातचा

माझी खोली बॉयलरच्या शेजारी.
आधी इथे नर्स बसायची. ती गेली, जागा भरली नाही,
मागे उरला डोळे तपासायचा तक्ता
आणि वर उभं राहायचा जुना वजनकाटा,
दांडीवर सरकणाऱ्या दोन वजनांचा.
राहू दे म्हटलं.
हलवायला दोन माणसं लागली असती
आणि शाळेत झाडलोटीला एकटे मिस्टर उलेट,
त्यांचीही पाठ धरलेली.

सोमवार-मंगळवार ही शाळा, बुधवारी नदीकाठची,
उरलेले दोन दिवस हायस्कूल.
मधे बटाट्याची शेतं, बर्फाखाली मैलोन् मैल,
आणि गाडी चालवत मी नावं घोकते.
यादीत एक्केचाळीस आहेत.
मोठे डॉक्टर बँगरला, तीन तासांवर.
त्यांची पुढची तारीख मे महिन्यातली.

ऑरेल डूसेट, इयत्ता तिसरी.
वर्गशिक्षिकेची चिठ्ठी:
बेरीज येते, पण हातचा विसरतो.
पूर्वी विसरत नव्हता.
खाली, वेगळ्या पेनाने: वडील. जानेवारीत. नदी. स्नोमोबाइल.
क्रियापद नाही.

माझ्याकडे एक फॉर्म असतो.
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा:
कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त, जवळजवळ रोज.
ऑरेलने चारही चौकोन हिरव्या खडूने रंगवले,
नीट, रेघेबाहेर न जाता,
आणि काट्याकडे बोट दाखवलं.

सहा आठवडे आम्ही वजनं केली.
शब्दकोश. भरलेला डबा. उजवा बूट.
माझी पर्स. तो हसला, मी नाही.
दप्तरासकट तो, दप्तराशिवाय तो,
वजाबाकी वहीत.
वडिलांबद्दल अवाक्षर नाही.
मीही विचारलं नाही. न विचारणं शिकायला
मला अकरा वर्षं लागली, आणि अजून
जीभ चावावी लागते.
एकदा मुख्याध्यापक डोकावले: काही प्रगती?
म्हटलं, चौसष्ट पौंड. बुटांसकट.

एप्रिलात नदी तडकू लागते,
रात्री गावभर ऐकू येतं, कुणी त्याबद्दल बोलत नाही.
त्या मंगळवारी त्याने दप्तरातून काढला
एक मोठा हातमोजा. चामड्याचा, डावा,
अंगठ्याशी टाके घातलेला.
"हा मोजायचाय."
ठेवला. दांडी हललीच नाही.
त्याने छोटं वजन शून्यावर आणलं, वाकून पाहिलं.
"बिघडलाय."
नाही रे. हा माणसांचा काटा.
एवढं हलकं त्याला कळत नाही.

मग त्याने तो हातात घातला,
पार कोपरापर्यंत गेला,
आणि वर उभा राहिला.
चौसष्ट.
काढला. चौसष्ट.
परत घातला.
बॉयलर सुरू झाला, भिंत थरथरली.
"तेवढंच," तो म्हणाला.
नंतर, बऱ्याच वेळाने:
"पण घातला की जड लागतो."
हो, मी म्हटलं.
याहून पुढचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

रडला वगैरे नाही.
घंटा झाली, तो मोजा घालूनच वर्गात गेला,
आणि मी मिसेस पेल्टियेंना फोन केला:
काढायला सांगू नका. लिहितो उजव्याने.

आता नोंद.
उद्दिष्ट, कृती, कालावधी मिनिटांत.
या रकान्यांवरून ठरणार
जूननंतर मी इथे असेन, की बोर्डाच्या बैठकीत
बर्फ उपसायच्या गाडीच्या दुरुस्तीनंतर
चार हात वर होतील आणि विषय संपेल.
लिहिलं: वजन केलं. पंचवीस मिनिटं.

दारात पाचवीतली ब्रिएल. पहिलीच भेट.
टोपी भुवयांवर, अंगात दोन स्वेटर,
नजर सरळ काट्यावर.
"यावर उभं राहावं लागतं?"
नाही गं.
मी खुर्चीवरचा कोट उचलला
आणि काट्यावर टाकला.