आडवे सात

मंगळवार, तिसरा तास, बर्नली.
खोली नंबर अकराचा रेडिएटर ठोके देतो, तापत नाही.
मी सत्तावीस कागद वाटते.
रात्री एकपर्यंत आखलेलं शब्दकोडं.
काळी घरं भरता भरता
करंगळीची कड अजून निळीकाळी आहे.

अभ्यासक्रमात एकच ओळ:
इस्लामी जगाची संस्कृती, तास चार.
चार तासांत नऊशे वर्षं.
म्हणून हे चौकोन.

पहिली हरकत रुकय्याची.
"मिस, आमच्या मदरशात हे नसतं. तिथे मांजरं नसतात."
कारण उभे दोन असं आहे:
बगदादच्या एका मोहल्ल्यात विणत पट्ट्यापट्ट्यांचं रेशीम,
त्या मोहल्ल्याचं नाव आता तुमच्या कुंपणावर बसून अंग चाटतं.
अक्षरं पाच.

दुसरी हरकत घरून आलेली, चार घड्या घातलेली:
डेक्लनला याची गरज नाही. आम्ही इथलेच आहोत.
चिठ्ठी मी खडूंच्या डब्याखाली सरकवते.
डेक्लन ऑर्मरॉड खिडकीशी.
खिडकीत कालवा, कालव्यावर गिरणी,
गिरणीत आता फ्लॅट, धुराड्यावर उगवलेलं एक रोपटं.
कागदावर त्याने नाव तेवढं घातलंय.

मागे भांडण जुंपतं:
कुराण 'क्यू'ने की 'के'ने?
"दोन्ही चालतं."
"मग कोड्यात कसं बसणार, मिस?"
खरंच, कसं बसणार.
त्यात माझीही चूक निघते. एक चौकोन कमी पडलाय,
आल्कोव्हचा शेवटचा 'ई' समासात लोंबकळतो.

आडवे सात:
बोंडातून निघतं. नाव अरबांकडचं,
बंदरामागून बंदर करत आलं.
तुमचं गाव त्यावर उभं राहिलं. अक्षरं सहा.

डेक्लनचे ओठ हलतात, आवाज नाही.
(त्याची पणजी अशीच बोलायची, हे तो नंतर सांगेल;
मागांच्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या.
मी इचलकरंजीची. आमच्या घराच्या भिंतींनाही रात्रपाळी असायची.)
मी वाचते: सी. ओ. टी. टी.
तो थांबतो.
"म्हणजे हे त्यांचं?"

शब्द त्यांचा, मी म्हणते. ओली हवा इथली.
बोंडं वेचली ती समुद्रापलीकडे, गुलामांनी,
आणि त्यांच्यासाठी या कोड्यात मी घरच ठेवलेलं नाही.
हे शेवटचं म्हणते का मी?
घंटा होते. खुर्च्या करकरतात.

रिकाम्या वर्गात फळ्यावरची तारीख पुसते.
तारीख त्यांचीच.
हरकत त्यांची, गरजही,
चिठ्ठी लिहिणाऱ्याला मराठी येत नाही, म्हणून बरं.
कपाटाला कुलूप लावते.
अरबीत कुफ्ल. आमच्या जिभेने कधीतरी
मधली अक्षरं उलटीपालटी केली
आणि किल्ली तरीही बसली.

सगळ्यात खाली डेक्लनचा कागद.
आडवे सात भरलंय, बाकी कोरं.
फक्त आल्कोव्हच्या ओळीपुढे, समासात,
राहून गेलेला एक चौकोन
त्याने पेन्सिलीने आखून ठेवलाय.
जरा वाकडा.